भेग बुजवण्याआधी

विटांची भिंत दाब मुकाट सोसते. भार सरळ खाली उतरत असेल तर वरचे मजले ती पिढ्यान्‌पिढ्या पेलते. पण तिला कुणी वाकवलं, दोन बाजूंना ओढलं किंवा तिचा एक कोपरा खाली खेचला की ती उकलते. ताण घ्यायची ताकद तिच्यात नावापुरतीच असते. उकलते तीही कशीही नाही, तर ओढ ज्या दिशेने असेल तिच्या काटकोनात. भेग उभी असेल तर भिंत लांबीच्या दिशेने ताणली गेली आहे. भेग आडवी असेल तर काहीतरी तिला वर उचलतंय किंवा बाहेर वाकवतंय. तिरपी असेल तर भिंतीचा एक भाग दुसऱ्याच्या तुलनेत खाली सरकलाय. भेगांबद्दल मी पुढे जे काही शिकले, ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

म्हणून भेग दिसल्या दिसल्या पुट्टी ओढायची घाई मला फार खटकते. रंगकाम निघालेलं असतं, डबा उघडाच असतो, पाच मिनिटांत भिंत कोरी होते. भिंत का हलली, किती हलली, अजून हलतेय का, हे सांगणारी एकमेव खूण आपण आपल्या हाताने पुसून टाकतो. वर्षभराने तीच भेग त्याच जागी उगवते, तेव्हा पुट्टी हलकी निघाली असं म्हणून आपण महागातली पुट्टी आणतो.

आमच्या घराच्या एका खोलीत खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून अशी एक भेग निघाली होती. विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी जाणारी. बघायला आलेल्या वयस्कर गवंड्यांनी भेगेवर एक नजर टाकली आणि म्हणाले, "ताई, आधी बाहेरून बघू. गच्चीचं पाणी कुठं पडतं ते दाखवा." मी म्हटलं, "काका, भेग आत आहे." त्यावर ते काही बोलले नाहीत, चपला घालून बाहेर निघाले. गच्चीवरून उतरणारा पाइप जमिनीपासून हातभर वर तुटलेला होता आणि प्रत्येक पावसात सगळं पाणी घराच्या त्याच कोपऱ्यात, जोत्याला लागून मुरत होतं.

त्यांनी मला पायऱ्यांची भेग वाचायची रीत शिकवली, ती अशी. भेगेवर मनाने एक काटकोनातली रेघ काढायची. ती रेघ खाली ज्या बाजूला जाते, त्या बाजूचा पाया खचत असण्याची शक्यता जास्त. म्हणजे भेग वर चढताना ज्या कोपऱ्याकडे झुकते, तो कोपरा संशयित. मग तिची रुंदी वर आणि खाली वेगवेगळी बघायची. वरून रुंद आणि खाली बारीक होत जात असेल, तर भिंतीचं टोक बाहेरच्या बाजूला कलंडतंय. खाली रुंद आणि वर मिटलेली असेल, तर भिंतीचा मधला भाग बसतोय आणि टोकं जागेवर आहेत. शेवटी दोन्ही कडा एकाच पातळीत आहेत का, हे बोट फिरवून पाहायचं. एक कड पुढे आलेली बोटाला जाणवली तर भिंत आडव्या दिशेनेही सरकलेली असते, आणि ही गोष्ट नुसत्या नजरेला बऱ्याचदा दिसत नाही.

सगळ्याच भेगा पायापर्यंत जात नाहीत, हेही तितकंच महत्त्वाचं. गिलाव्यावर जाळीसारख्या पसरलेल्या केसाएवढ्या चिरा बहुतेक वेळा गिलाव्याच्याच असतात: माल सिमेंटने जड झाला किंवा पाणी मारायचं राहिलं आणि तो सुकताना आक्रसला. बोटाच्या पेराने ठोकून पाहावं. बद्द आवाज आला तर गिलावा विटेपासून सुटलेला आहे. खात्री नसेल तर भेगेवरचा तळहाताएवढा गिलावा उडवून खालची वीट बघावी. हे करायला लोक का कचरतात मला कळत नाही. अख्खी भिंत रंगवायची तयारी असते, पण तळहाताएवढी जागा उघडून पाहायची नसते. वीट शाबूत असेल तर विषय तिथेच संपतो. भेग विटेतून किंवा सांध्यातून आरपार असेल आणि भिंतीच्या दुसऱ्या बाजूलाही त्याच जागी दिसत असेल, तर खरा तपास इथून सुरू होतो.

त्या तपासात पायाच्या आधी विटेवरच थोडं थांबायला हवं, कारण वीट ही मेलेली वस्तू आहे हा समज चुकीचा आहे. भट्टीतून निघालेली मातीची वीट पूर्ण कोरडी असते. बाहेर आल्या क्षणापासून ती हवेतली वाफ शोषून फुगायला लागते आणि हे फुगणं साध्या उन्हाने परत जात नाही. पहिल्या काही दिवसांत ते सर्वांत जास्त असतं, पुढे मंदावतं, पण थांबत मात्र नाही. मँचेस्टर आणि एडिनबरा विद्यापीठांतल्या संशोधकांनी या गतीचा नियम शोधला. वाढ काळाच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात होते, म्हणजे पहिल्या वर्षात जेवढी वाढ झाली तिच्या दुप्पट व्हायला एकूण सोळा वर्षं लागतात. याच नियमावरून त्यांनी २००९ साली जुन्या विटांचं आणि खापरांचं वय काढायची पद्धत मांडली. तुकडा ५०० अंशांना तापवला की त्याने जन्मभर घेतलेलं पाणी निघून जातं, आणि तो पुन्हा किती वेगाने पाणी घेतो हे मोजून त्याचं वय सांगता येतं. वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ समोरच्या भिंतीकडे बघत बसले होते. शेकडो वर्षांची वीटसुद्धा अजून किंचित वाढतेच आहे.

दहा मीटरच्या भिंतीत ही वाढ काही मिलिमीटर भरू शकते. लांबलचक भिंतीत मध्ये कुठे मोकळा सांधा सोडलेला नसेल, तर ती वाढ कोपऱ्याजवळ उभी भेग पाडून आपली जागा करून घेते. मातीच्या विटेच्या भिंतीत साधारण दर १२ मीटरला असा सांधा ठेवतात तो याचसाठी. सिमेंटचे आणि राखेचे ब्लॉक याच्या नेमके उलटे वागतात, ते सुकताना आक्रसतात. एकाच भिंतीत अर्ध्या विटा आणि अर्धे ब्लॉक वापरले की एक बाजू वाढतेय आणि दुसरी आखडतेय, अशी रस्सीखेच कायमची लागते. जुन्या घराला नवी खोली जोडली की बरोबर जोडावर उभी भेग येते. तिथे जुना पाया आपलं बसणं कधीच संपवून बसलेला असतो आणि नव्याचं नुकतंच सुरू झालेलं असतं.

उन्हाचाही वाटा मोठा. तापमान एका अंशाने वाढलं की काँक्रीट मातीच्या विटेच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. दहा मीटरचा स्लॅब ३० अंशांनी तापला तर तीन मिलिमीटर लांबतो. खालची भिंत सावलीत असते, ती तेवढी तापतही नाही आणि तापली तरी निम्मीच वाढते. त्यामुळे वरच्या मजल्यावर, स्लॅबच्या लगेच खाली, आडवी भेग पडते आणि टोकाच्या खोल्यांत ती तिरपी उतरते. ही भेग बघून पाया खचला म्हणून घाबरणारे पुष्कळ असतात. पाया खचला असता तर खालच्या मजल्यावर काही ना काही दिसलं असतं. भेग फक्त वरच्याच मजल्यावर असेल तर आधी गच्चीकडे बघावं.

लिंटेलच्या (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या) किंवा बीमच्या लांबीला समांतर, अगदी सरळ धावणारी भेग आणि तिच्या कडेला तपकिरी डाग, हे गंजाचं काम. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो आणि आतून काँक्रीट फोडत बाहेर येतो. इथे वरून बुजवण्याला काहीच अर्थ नाही. सैल काँक्रीट काढून, सळई घासून साफ करून, गरज असेल तर नवी सळई जोडूनच काम करावं लागतं, आणि पाणी कुठून आत शिरलं ते बंद करावं लागतं.

आता माती. चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसते. काळ्या मातीत हा गुण सर्वांत जास्त असतो. उथळ पायाचं घर अशा मातीवर असेल तर ते ऋतूंबरोबर वरखाली होतं, आणि घर सगळीकडे सारखं हललं असतं तर काही बिघडलं नसतं. बिघडतं ते असमान हलण्याने. एका बाजूला पाणी मुरतंय, दुसऱ्या बाजूला झाड पाणी ओढतंय, तिसरी बाजू फरशीखाली झाकलेली आहे. १९७६ च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये भीषण कोरड पडली, तेव्हा तिथल्या चिकणमातीवरची हजारो घरं अशीच तडकली आणि विम्याच्या दाव्यांचा ढीग लागला.

झाडाचा उल्लेख निघाला की लगेच कुऱ्हाड आठवते. हे मला मनापासून थांबवावंसं वाटतं. भिंतीजवळचं मोठं झाड मातीतून रोज भरपूर पाणी ओढत असतं हे खरं. पण ते एकदम तोडलं की तीच माती पुढची कित्येक वर्षं पाणी परत घेत फुगत राहते आणि पाया वर उचलला जातो. खचण्यापेक्षा हे उचलणं निस्तरायला जास्त अवघड. झाड घराहून जुनं असेल तर धोका आणखी मोठा, कारण घर बांधलंच गेलं ते झाडाने सुकवलेल्या मातीवर. फांद्यांची नेमाने छाटणी, किंवा घर आणि झाड यांच्यामध्ये मुळं अडवणारी खोल भिंत, हे मार्ग आधी तपासावेत. तोडायचंच ठरलं तर जाणकाराला विचारल्याशिवाय नको.

झाडापेक्षाही मला फुटलेल्या पाइपांचा संशय जास्त येतो. जमिनीखालचा सांडपाण्याचा पाइप गळत असेल तर रेताड जमिनीत तो पायाखालचे बारीक कण वाहून नेतो आणि चिकणमातीत तो तिला मऊ करतो. दोन्हीकडे कोपरा बसतो. कुणालाही घर खोदायला लावण्याआधी पाइपांची चाचणी करून घ्यावी, एवढा माझा आग्रह असतो.

कारणाचा अंदाज आला तरी एक प्रश्न उरतोच: भेग जुनी होऊन थांबलीय की अजून चालू आहे? आतमध्ये धूळ, जाळी, जुन्या रंगाचे थर असतील तर ती बरीच जुनी. कडा धारदार आणि आतला रंग ताजा, स्वच्छ असेल तर नवी. पण खरं उत्तर मोजूनच मिळतं. भेग जिथे संपते तिथे पेन्सिलीने आडवी खूण आणि शेजारी तारीख. रुंदीसाठी एटीएम कार्डही चालतं, त्याची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. ते सहज आत गेलं तर भेग पाऊण मिलिमीटरहून रुंद आहे हे नक्की. याहून नेमकं हवं असेल तर भेगेच्या एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक असे तीन पितळी स्क्रू त्रिकोणात बसवायचे आणि त्यांच्यातली अंतरं कॅलिपरने, म्हणजे बारीक मापं घेणाऱ्या उपकरणाने, मोजायची. तीन स्क्रूंमुळे भेग नुसती रुंदावतेय की कडा एकमेकींवरून घसरताहेत, हेही कळतं. काचेची पट्टी चिकटवायची जुनी रीत आहे. काच तडकली तर भिंत हलली हे कळतं, पण किती आणि कुठे ते कळत नाही. मोजणी दर महिन्याला, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळेला, कारण सकाळची आणि दुपारची भेग एकसारखी नसते. आणि हे निदान एक पूर्ण वर्ष करायचं, एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्यात यायलाच हवा. चार महिन्यांच्या आकड्यांवरून घाबरणंही चूक आणि निर्धास्त होणंही चूक.

नुसती रुंदी किती फसवते हे इटलीतल्या दोन बांधकामांवरून माझ्या मनात पक्कं बसलं. दोन्ही मुख्यतः विटांची. व्हेनिसचा सेंट मार्कचा घंटामनोरा, जवळजवळ ९९ मीटर उंच, शतकानुशतकं उभा होता. १९०२ च्या जुलैत त्याच्या एका बाजूला भेग दिसली. हलचाल कळावी म्हणून तिच्यावर काचेच्या पट्ट्या लावल्या, त्या तडकल्या, चौकातली गर्दी हटवली गेली आणि १४ जुलैच्या सकाळी अख्खा मनोरा कोसळला. माणूस एकही दगावला नाही. याउलट फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा ब्रुनेलेस्कीने उभारलेला घुमट. त्याचं बांधकाम १४२० ते १४३६ या काळातलं. त्यातल्या मोठ्या भेगा काही ठिकाणी काही सेंटिमीटर रुंद आहेत, बोट जाईल एवढ्या. त्या ऋतूंप्रमाणे थोड्या उघडतात, थोड्या मिटतात, अनेक दशकं उपकरणांनी मोजल्या जाताहेत आणि घुमट उभा आहे. व्हेनिसची भेग काही दिवसांत धावली. फ्लॉरेन्सच्या भेगा शतकांच्या गतीने चालतात.

तरीही घरासाठी काहीतरी मोजपट्टी लागतेच. ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंट या इमारत-संशोधन संस्थेची प्रतवारी मला उपयोगी वाटते. एक मिलिमीटरपर्यंतची भेग रंगकामात उरकता येते. पाच मिलिमीटरपर्यंत ती दिसायला वाईट, पण सहज भरता येणारी, दारं-खिडक्या मात्र किंचित अडकू लागतात. पाच ते पंधरामध्ये विटा उघडून काम करावं लागतं. पंधराच्या वर भिंतीचे काही भाग पाडून बांधायची वेळ येते आणि पंचवीसच्या वर इमारतीच्या स्थैर्याचाच प्रश्न उभा राहतो. हे आकडे दुरुस्ती किती मोठी लागेल ते सांगतात, धोका किती तो पूर्ण सांगत नाहीत. भिंतीला पोट आलेलं दिसलं, ओळंबा सोडल्यावर ती कललेली निघाली, लिंटेलखालून विटा सुटू लागल्या, भार पेलणाऱ्या खांबावर बारीक उभ्या चिरा एकीशेजारी एक वाढू लागल्या किंवा कुठलीही भेग दिवसागणिक रुंदावत असेल, तर वर्षभर मोजत बसायचं नाही. त्याच दिवशी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायचं आणि ती खोली रिकामी करायची.

दुरुस्तीचा क्रम मी कुणासाठीही बदलणार नाही: आधी कारण, मग वाट पाहणं, मग भरणं. आमच्या कोपऱ्यावर काकांनी पाइप दुरुस्त करून पाणी घरापासून लांब नेलं, जोत्याभोवती बाहेरच्या बाजूला उतार दिला आणि सांगितलं, "आता भिंतीला सुकू द्या. पुढच्या पावसात ती हलते का ते बघून मगच मी माल कालवीन." मी स्क्रू मोजत राहिले. भेग थोडी मिटली आणि मग जागेवर थांबली.

भरताना त्यांनी सांधे बारीक छिन्नीने पाऊण ते एक इंच खोल उकरले. वरवर फासलेला माल टिकत नाही, सांधा जेवढा रुंद त्याच्या दुप्पट तरी खोल जायलाच हवं. आतली धूळ ब्रशने झाडली, पाणी मारलं आणि माल थराथराने दाबून भरला. मालाबद्दल ते फार काटेकोर होते आणि मलाही ते पटलं. सांध्यातला माल विटेपेक्षा मऊ असला पाहिजे. भिंत पुन्हा जराशी हललीच तर सांधा तुटावा, वीट फुटू नये. सांधा पुन्हा भरता येतो, फुटलेली वीट काढून नवी बसवावी लागते. जुन्या चुन्याच्या भिंतीत म्हणूनच चुनाच भरावा, एकाला तीन वाळू. नव्या भिंतीत सिमेंट, चुना आणि वाळू १:१:६, आणि वीट मऊ असेल तर १:२:९. जुन्या, मऊ विटांच्या भिंतीत निव्वळ सिमेंटचा कडक माल भरणं मला अन्याय वाटतो. तो ओल आत कोंडतो आणि काही वर्षांनी सांधा तसाच उभा राहतो, भोवतीच्या विटांची मात्र तोंडं झडतात. चुन्याचा आणखी एक गुण आहे. केसाएवढ्या चिरेतून पाणी झिरपलं की ते थोडा चुना विरघळवून आणतं, तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पुन्हा दगड होतो आणि चीर आपोआप बुजते. सिमेंटचा कडक माल हे काम इतक्या सहजपणे करत नाही.

भेग रुंद असेल आणि हालचाल थांबल्याची खात्री असेल, तर भिंतीला टाके घालतात. सांध्यात तीन ते चार सेंटिमीटर खोल खाच पाडून त्यात ६ मिलिमीटरची पीळदार स्टेनलेस स्टीलची सळई ग्राउटमध्ये (खाच भरून घट्ट होणाऱ्या मालात) बसवायची, भेगेच्या दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा मीटर जाईल अशी, विटांच्या दर चार ते सहा थरांना एक. काम चांगलं आहे, पण हल्ली ते सर्वच भेगांवरचा इलाज म्हणून सुचवलं जातं, त्याला माझा विरोध आहे. माती अजून हलत असेल तर भिंत टाके घातलेली जागा सोडते आणि सळई जिथे संपते तिथे नव्याने फुटते.

जी भेग उन्हाने रोज उघडते-मिटते, तिला कडक मालाने गप्प करायचा प्रयत्नच करू नये. स्लॅबखालची आडवी भेग किंवा विटांची भिंत आणि काँक्रीटचा कॉलम यांच्यामधली उभी भेग ही खरं तर बांधणाऱ्याने सोडायला हवा होता तो सांधा आहे. तिथे नीट, सरळ खाच पाडून आत फोमची दोरी आणि वर पॉलियुरेथेन सीलंट, म्हणजे रबरासारखं लवचिक राहणारं भरण, भरावं. सीलंट भेगेच्या दोन्ही कडांना चिकटावं, मागच्या बाजूला चिकटू नये, नाहीतर ते ताणलं जाताना मध्येच फाटतं. दोरी त्यासाठीच असते. भरायला फार कडक ऊन किंवा फार थंडी नको; भेग मध्यम रुंदीची असताना भरलं तर सीलंटला दोन्हीकडे जायला वाव राहतो. कॉलमच्या जोडावर सीलंट नको असेल तर गिलाव्याखाली तारेची जाळी दोन्ही बाजूंना वीतभर जाईल अशी ठोकतात. तिने भेग थांबत नाही, पण एका मोठ्या भेगेऐवजी ताण पसरून न दिसणाऱ्या बारीक चिरा होतात. बहुतेक खोल्यांना एवढं पुरतं.

शेवटी एक काम, जे करणारी घरं मी अगदी थोडी पाहिली आहेत. या सगळ्याची एक वही ठेवावी. भेगेचा फोटो, बाजूला पट्टी धरून, महिन्याची मापं, पाइप कधी बदलला, कुठल्या सांध्यात कोणता माल, कोणत्या प्रमाणात भरला, कुठे सळया घातल्या आणि कुठे सीलंट. घर दुसऱ्या कुणाकडे गेलं तर किल्ल्यांबरोबर ती वहीही द्यावी. त्यांना त्या भिंतीत पुढे खिळा ठोकायचा असेल, पाइप न्यायचा असेल किंवा दार पाडायचं असेल, तेव्हा कुठे हात लावायचा आणि कुठे नाही हे त्यांना आधीच कळलेलं असेल.